रविवारी वर्ग, रविवारीच कमाई : भंडारदऱ्यात राहून डिग्री करायची तर पोट कसं भरायचं?

या भागाचं हे लेखी रूप. रतनवाडी, साम्रद, घाटघरकडे रेंज कधी येते कधी जाते, ऑडिओ मधेच अडकतो, म्हणून मजकूर टाकतोय.

दूरशिक्षणावर बोललो की मेसेजमध्ये एक प्रश्न हमखास येतो. "बारावी झालीये, मुक्त विद्यापीठातून बी.ए. करायचंय. फीचं जमेल कसंतरी, पण तेवढी वर्षं खायचं काय?" प्रश्न एकदम बरोबर आहे, कारण बहुतेक जण फी विचारतात आणि थांबतात. दूरशिक्षणात फी हा तसा छोटा आकडा असतो. मोठा आकडा कुठल्याच पावतीवर नसतो. तो म्हणजे बुडालेल्या दिवसांचा.

आधी थोडं मागे जाऊ. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली सुरू झालं. त्याआधी १९८५ मध्ये दिल्लीत इग्नू, १९८२ मध्ये आंध्रात देशातलं पहिलं मुक्त विद्यापीठ, आणि त्याच्याही आधी १९६९ मध्ये इंग्लंडचं ओपन युनिव्हर्सिटी. सगळ्यांमागचा विचार एकच : दिवसभर नोकरी करणाऱ्यालाही शिकता यावं. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे आपल्या मुक्त विद्यापीठाचं ब्रीद तुम्ही पुस्तकांवर पाहिलं असेल. म्हणून अभ्यासकेंद्रावरचे वर्ग, म्हणजे संपर्कसत्रं, साधारण शनिवार-रविवारी किंवा सुट्टीच्या दिवशी ठेवतात. कारखान्यातल्या, ऑफिसातल्या माणसाला रविवार मोकळा असतो ना!

आता शेंडीत या. इथे रविवार मोकळा असतो का? विल्सन धरणाच्या भिंतीजवळ, जलाशयाच्या काठावर टेंट लावणारे, रंधा धबधब्यापाशी कणसं भाजणारे, बारी गावातून पर्यटकांना कळसूबाईवर नेणारे, सांधण दरीत दोर धरून उभे राहणारे, या सगळ्यांचा आठवडा शुक्रवारी रात्री सुरू होतो आणि रविवारी संध्याकाळी संपतो. ज्या दिवशी वर्ग, त्याच दिवशी कमाई. मुंबईच्या क्लार्कसाठी आखलेलं वेळापत्रक आपल्याला उलटं पडतं, आणि खर्चाचा खरा गुंता इथे आहे.

दुसरा गुंता काजव्यांचा. मेच्या शेवटापासून जूनच्या मध्यापर्यंत इथे काजवे पाहायला झुंबड उडते. कित्येक घरांची वर्षातली सगळ्यात जास्त रोख कमाई याच तीन आठवड्यांत होते. आणि मुक्त विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षा? त्याही बहुतेक वर्षी मे-जूनच्याच आसपास. म्हणजे रात्री दोनपर्यंत गाड्या लावायच्या आणि सकाळी पेपर द्यायचा!

हिशोब मांडून बघू. आकडे समजा म्हणून घेतोय, तुम्ही तुमचे टाका. समजा वर्षात १२ दिवस वर्ग आहेत आणि परीक्षेचे ८ दिवस. शनिवार-रविवारी टेंटवर दिवसाला ८०० रुपये मिळतात, आठवड्याच्या मधल्या दिवशी ४००. वर्गांमुळे बुडाले ९,६००. परीक्षा मधल्या दिवशी आल्या असं धरलं तर ३,२००. २० वेळा जाणं-येणं, एका फेरीला १५० रुपये, म्हणजे ३,०००. एकूण १५,८००. यातला एक रुपयाही फी नाही! आणि परीक्षा काजव्यांच्या शनिवारी आली तर हा आकडा आणखी चढतो.

शिष्यवृत्ती यातलं किती भरून काढते? अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख. पत्राद्वारे किंवा दूरशिक्षणाने शिकणाऱ्याला तिच्या नियमांत जागा आहे, पण काय मिळतं ते नीट ऐका : अभ्यासक्रमाच्या फीची भरपाई आणि पुस्तकांसाठी वर्षाला १,२०० रुपये. नियमित कॉलेजच्या मुलांना दरमहा मिळणारा निर्वाहभत्ता इथे नाही. नोकरी करत शिकणाऱ्यालाही, घरचं एकूण उत्पन्न मर्यादेत असेल तर, फी परत मिळते. तीही फक्त फीच.

शासकीय वसतिगृह किंवा पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना, जिच्यात राहण्या-जेवणाचे पैसे खात्यात येतात, ती शहरात कॉलेजला जाणाऱ्या आणि वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलांसाठी आहे. नियमित हजेरीची अट आहे. घरी राहून शिकणारा त्यात बसत नाही. 'कमवा आणि शिका'चंही तेच. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ती वाट घालून दिली, आज आपल्या जिल्ह्यातल्या कॉलेजांतही मुलं बागेत, लायब्ररीत काम करून पैसे मिळवतात. पण त्यासाठी कॉलेजचं आवार लागतं. दूरशिक्षणवाल्याला आवारच नाही. मला हे अन्यायाचं वाटतं, स्पष्ट सांगतो. सरकारने असं धरलंय की दूरशिक्षणवाला कमावता आहे, म्हणजे त्याचं पोट भरलेलं आहे.

तर मग करायचं काय?

सगळ्यात आधी, प्रत्येक वर्गाला जायलाच हवं का, हे प्रवेशाच्या वेळीच विचारा. ज्या अभ्यासक्रमात प्रात्यक्षिकं आहेत तिथे हजेरी टाळता येत नाही. पण बी.ए., बी.कॉम.सारख्या अभ्यासक्रमात मुख्य भार पुस्तकांवर असतो, आणि मुक्त विद्यापीठाची पुस्तकं स्वतः वाचून समजावीत अशीच लिहिलेली असतात. त्यांची ई-पुस्तकं विद्यापीठाच्या वेबसाइटवर आहेत. राजूरच्या बाजाराला जाल तेव्हा चांगल्या रेंजमध्ये डाउनलोड करून ठेवा. वरच्या हिशोबात १२ ऐवजी नेमके ५ महत्त्वाचे वर्ग केले, तर १५,८०० चे ९,१५० होतात. तब्बल ६,६५० रुपये वाचले! हे पाच कुठले? पहिला, ज्यात गृहपाठ आणि मूल्यमापन समजावतात. शेवटचे एक-दोन, परीक्षेआधीचे. आणि जो विषय डोक्यावरून जातो त्याचे. बाकीच्यांसाठी वर्गातल्या एखाद्याशी दोस्ती ठेवा, वहीचे फोटो मागवा.

काजव्यांच्या दिवसांसाठी एक उपाय मला फार पटतो, तो आपल्याच शेतीतला आहे : सावड. आवणीला आपण करतोच ना? आज तुझ्या खाचरात, उद्या माझ्या. तशी परीक्षेच्या दिवसांची सावड करा. तुझ्या पेपरच्या दिवशी माझा भाऊ तुझे टेंट सांभाळेल, माझ्या पेपरला तू. मात्र टेंटच्या मालकाला वेळापत्रक लागल्या दिवशीच सांगा, आदल्या रात्री नको. ऐन गर्दीत माणूस गायब झाला की पुढच्या शनिवारी कामाला बोलवत नाहीत. आणि तारखा अगदीच अंगावर आल्या तर एखादा पेपर पुढच्या परीक्षेला टाकणं हाही मार्ग आहे. फक्त नोंदणीची मुदत किती वर्षं आहे आणि पुन्हा बसायची फी किती, हे माहितीपुस्तिकेत बघूनच ठरवा.

आता पैसा वर्षभर पुरवायचा कसा? आपल्याकडे रोकड लाटेसारखी येते. काजव्यांत येते, पावसाळ्याच्या शनिवार-रविवारी येते, मग भाताच्या कापणीत हात अडकतात आणि घरच्या कामाला मजुरी नसते. थंडीत टेंटला पुन्हा गिऱ्हाईक, आणि फेब्रुवारीपासून मेपर्यंत सगळं सुस्त. या सुस्त महिन्यांतच परीक्षेची तयारी असते आणि खिसा रिकामा असतो. म्हणून काजव्यांचे पैसे आले की पहिल्याच आठवड्यात फी आणि प्रवासाची रक्कम वेगळ्या खात्यात टाका. ज्या खात्याचा यूपीआय फोनवर चालू आहे, त्यात नको. समोर दिसतात ते पैसे उरत नाहीत.

सुस्त महिन्यांत रोजगार हमीचं काम मिळत असेल तर कमीपणा मानू नका. २०२५-२६ साठी महाराष्ट्रातला दर दिवसाला ३१२ रुपये होता. टेंटपेक्षा कमी, पण तेव्हा टेंट रिकामेच असतात.

रिचार्जचंही लक्षात घ्या : २८ दिवसांचा प्लॅन म्हणजे वर्षाला १२ नाही, १३ रिचार्ज. मुलींना एसटीत अर्धं तिकीट आहे, मार्च २०२३ पासून. त्याला कॉलेजचा पास लागत नाही, त्यामुळे दूरशिक्षणवालीलाही चालतं.

फी एकरकमी भरायला कमी पडली तर आईच्या बचत गटाचं कर्ज बघा. व्याज माहितीतलं असतं आणि उशीर झाला तर घरी येऊन बोलतात. फोनवर पाच मिनिटांत कर्ज देणारी ॲप्स मात्र लांब ठेवा. ती तुमचे कॉन्टॅक्ट मागतात, आणि हप्ता चुकला की मामापासून मास्तरांपर्यंत सगळ्यांना फोन जातात.

घरी एक गोष्ट मात्र मोकळेपणाने बोलून ठेवा. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, घरीच राहतोय, खर्च कसला? पण आपल्या घरात वीस वर्षांच्या पोराकडून किंवा पोरीकडून काहीतरी हातभार अपेक्षित असतोच. दरमहा किती द्यायचे आणि परीक्षेच्या महिन्यात किती कमी, हे आधी ठरलं तर मार्चमध्ये भांडण होत नाही. आवणीच्या आठवड्यात अभ्यास होणार नाही, हेही धरूनच चाला.

शिक्षण पूर्ण झाल्यावर कुणी म्हणालं, "ही बाहेरून केलेली डिग्री", तर सांगा : यूजीसीने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय की मान्यताप्राप्त मुक्त आणि दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे. अट एकच, संस्था आणि तो अभ्यासक्रम यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत हवा. पैसे भरण्याआधी ती यादी उघडून बघा. घरबसल्या वर्षभरात पदवी देतो म्हणणाऱ्याचं नाव तिथे सापडणार नाही.

शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीवर अर्ज करायचा तर जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बारावीची गुणपत्रिका आणि आधार जोडलेलं बँक खातं लागेल. तुमचा अभ्यासक्रम पोर्टलवर दिसतो का, हे आधी अभ्यासकेंद्रात विचारा. अडलं तर राजूरला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय आहे. मधल्या वारी जा, कमाईचा दिवस घालवू नका. तिथे न्यूक्लिअस बजेट योजनेत यंदा कुठलं प्रशिक्षण आहे, तेही त्याच फेरीत विचारून घ्या.