निरीक्षण आणि निष्कर्ष : वॉशिंग मशीनच्या बिघाडाचे उदाहरण

तांत्रिक माहितीपर लेखनात निरीक्षण आणि निष्कर्ष वेगळे ठेवावे लागतात. ‘मशीनचा बोर्ड गेला’ हे वाक्य पाहा. ते निरीक्षणासारखे भासते. वस्तुतः तो निष्कर्ष आहे. तो चुकला, तर ग्राहकाला नव्या बोर्डाचा भुर्दंड पडतो आणि दोष तसाच राहतो.

इलेक्ट्रॉनिक कंट्रोल बोर्ड दाराचे कुलूप, पाण्याची पातळी यांविषयीचे संकेत घेतो आणि त्यांनुसार मोटर, पंप व पाण्याचे व्हॉल्व्ह चालवतो. त्यामुळे एखादा संकेत पोहोचला नाही, तरी बोर्डच बिघडल्यासारखा वाटतो.

म्हणून आधी पुढील गोष्टी क्रमाने पाहाव्यात :

१. त्याच सॉकेटवर दुसरे उपकरण चालते का?
२. एरर कोड दिसत असल्यास माहितीपुस्तिकेत त्याचा अर्थ काय दिला आहे?
३. नळ सुरू आहे का? पाइपच्या तोंडाची जाळी तुंबली आहे का?
४. दार नीट लागते का?
५. प्लग काढून काही मिनिटांनी पुन्हा लावल्यावरही दोष कायम राहतो का?

यानंतरच बोर्डाविषयी शंका घ्यावी. पुण्यातील अनेक सदनिकांत मशीन ड्राय बाल्कनीत असते. पावसाळी दमटपणाने बोर्डावरील जोड गंजू शकतात. विजेच्या दाबातील चढउतारानेही भाग जळतात. जळका वास आल्यास मशीन पुन्हा सुरू करू नये. बोर्ड स्वतः उघडू नये. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये काही काळ विद्युतभार राहतो.

तंत्रज्ञाला ‘बोर्ड गेला’ असे न सांगता ‘दार लागते, पाणी भरते, पण ड्रम फिरत नाही’ असे सांगावे. त्यामुळे तपासणी कोठून सुरू करायची, हे त्याला कळते.