हिमालयातील हिम का टिकते?

‘हिमालय’ हा षष्ठी तत्पुरुष समास : हिमाचे आलय. हिम तेथे बारमाही का राहते, हे मात्र या विग्रहावरून कळत नाही. वर चढणारी हवा प्रसरण पावून थंड होते. दर १००० मीटर उंचीस तापमान सरासरी सुमारे ६.५ अंश सेल्सिअसने उतरते. परंतु केवळ थंडी पुरेशी नव्हे. वर्षभरात पडणारे हिम वितळणाऱ्या हिमाहून उणे नसेल, तेथेच ते टिकते. या सीमेस हिमरेषा म्हणतात. म्हणूनच मध्य हिमालयाचा दक्षिण उतार अधिक उन्हात असूनही, मोसमी वाऱ्यांमुळे तेथे हिमवर्षाव विपुल होऊन हिमरेषा कोरड्या तिबेटी बाजूपेक्षा खाली आढळते. समासातील हिम अढळ असले, तरी पर्वतावरील हिम ही या जमाखर्चाची शिल्लक होय. आणि वाढत्या तापमानामुळे ती आज घटत आहे.