इंजिन पळतंय, मग मशीन का रेंगाळतंय?



बैल दमला की मान खाली घालतो आणि जाणता शेतकरी त्याला बांधावर घडीभर उभा करतो. मशीन दमलं की मात्र आपण काय करतो? रेस वाढवतो. मीही तेच केलं आणि ते मला चांगलंच महागात पडलं. इतरांचं तसं होऊ नये, म्हणून हा लेखप्रपंच.

आज आपल्या भागात बैलजोड्या कमी झाल्या आहेत, भांगलणीला माणूस वेळेवर मिळत नाही. उसातली आंतरमशागत, बाळबांधणी आणि मोठी बांधणी ही कामं आता लहान पॉवर विडरवर येऊन ठेपली आहेत. हे मशीन हाताने धरून मागून चालायचं असतं. ते आपल्या चालीने चाललं तर दिवसाकाठी भरपूर काम उरकतं. रेंगाळलं तर माणूसही दमतो, पेट्रोलही जातं आणि वेळही हातचा जातो.

माझा दीड एकर सुरू ऊस गेल्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस मोठ्या बांधणीला आला होता. खताची पोती शेडमध्ये येऊन पडली होती. पहिल्या दोन सऱ्या मशीन बरं चाललं. तिसऱ्या सरीला चाल मंदावली. इंजिनाचा आवाज खणखणीत, चाकं मात्र मुंगीच्या पावलानं. मी रेस वाढवली. थोडं पुढं गेलं, परत रेंगाळलं. आणखी रेस दिली. पाचव्या सरीत रबर जळल्याचा वास आला आणि मशीन जागेवरच थांबलं. इंजिन चालूच!

गॅरेजवर नेलं, तर "इंजिन खोलावं लागेल" म्हणून त्यांनी चार दिवस ठेवून घेतलं. तेवढ्यात वळीव कोसळला. वाफसा येईपर्यंत आठवडा गेला. शेवटी मशीन परत आणून आमच्या गावच्या मिस्त्रींना दाखवलं. इंजिनाला हातही न लावता त्यांनी बाजूचं झाकण काढलं आणि म्हणाले, "मालक, इंजिनला काय बी झालेलं न्हाई. पट्टा ढिला पडला हुता, तुम्ही रेस दिऊन दिऊन जाळलासा."

नवा पट्टा घातला, मशीन पळू लागलं. पण एक एकर होतो न होतो तोच पाऊस लागला आणि अर्धा एकर बांधणीविना राहिला.

आधी कान लावा

मशीन हळू चालतंय म्हणजे इंजिन बिघडलंच असं नाही. ओझं आल्यावर इंजिनाचा आवाज पडत असेल, धूर येत असेल, ते बंद पडू पाहत असेल, तर दोष इंजिनाकडे. मग एअर फिल्टर, प्लग, कार्ब्युरेटर आणि टाकीतलं जुनं पेट्रोल पाहावं. उसातल्या धुळीने फिल्टर लवकर तुंबतो. स्पंजचा फिल्टर साबणाच्या पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून बसवावा.

आवाज भरदार आणि चाल मंद असेल, तर इंजिनाची ताकद चाकापर्यंत पोचत नाही. वाटेत कुठंतरी गळते आहे. अशा वेळी रेस वाढवली की पट्टा जास्तच घसरतो, तापतो आणि जळतो.

पट्टा आणि केबल

तपासणीआधी इंजिन बंद करावं, थंड होऊ द्यावं आणि प्लगची टोपी काढून ठेवावी. हे विसरू नये. बोटं पुन्हा येत नाहीत.

बऱ्याच पट्ट्याच्या मशीनमध्ये क्लचची लिव्हर दाबली की केबल एक लहान पुली ओढते आणि ती पुली पट्टा ताणते. म्हणून पट्टा पाहताना लिव्हर दाबून बांधावी, मगच अंगठ्याने मध्यभागी दाबून बघावा. साधारण अर्ध्या इंचापेक्षा जास्त दबला तर ताण कमी आहे. बहुतेक वेळा केबल लांबलेली असते. तिचा नट थोडा फिरवला की काम होतं. पण अती कसू नका. लिव्हर सोडल्यावरही पट्टा ओढत राहिला, तर इंजिन सुरू करताच मशीन अंगावर येईल.

पट्ट्याच्या कडा काचेसारख्या चकाकत असतील, भेगा असतील किंवा तो पुलीच्या तळाला टेकत असेल, तर तो बदलावाच. व्ही पट्टा कडांनी पकडतो, तळाने नाही. नवा घेताना जुन्यावरचा नंबर बघून घ्यावा. 'ए' पट्टा १३ मिलिमीटर रुंद, 'बी' १७ मिलिमीटर. एकाच्या जागी दुसरा चालत नाही. पट्ट्यावर तेल आलं असेल तर आधी गळती शोधावी.

काही मशीनला पट्टा नसतो, प्लेटचा क्लच असतो. तिथेही आधी केबल बघा. तिने भागलं नाही तर मिस्त्री बोलवा.

चाक आणि माती

खोडव्यात पाचट, हरळी आसाला गुंडाळली जाते आणि ब्रेक लावल्यासारखी चाल धरते. ती विळ्याने कापून काढावी. चाकाची पिन तुटली असेल तर आस फिरतो, चाक फिरत नाही. टायरचे गट्टे झिजले असतील तर चाक जागेवर फिरतं. मागचा खोलीचा दांडा फार खाली असला तरी मशीन अडतं. भर दोन फेऱ्यांत लावावी. आणि वाफसा नसेल तर कुठलंच मशीन चालत नाही, त्याला दोष देऊ नये.

एवढं का सांगतो?

सुरू उसाला शिफारशीत नत्राचा ४० टक्के हप्ता मोठ्या बांधणीच्या वेळी द्यायचा असतो. हेक्टरी २५० किलोच्या हिशेबाने तो एकरी ४० किलो नत्र होतो, म्हणजे ४५ किलोची युरियाची जवळजवळ २ पोती. हे खत मातीआड गेलं, बुंध्याला भर बसली, की ऊस उभा राहतो आणि उशिराचे फुटवे दबतात. माझा बांधणीविना राहिलेला अर्धा एकर ऑगस्टच्या वाऱ्यात लोळला. तोडीला टोळी नाखूश, वजनही शेजारच्या एकरापेक्षा कमी. हे सगळं एका ढिल्या केबलपायी.

तेव्हा बांधणीच्या आठ दिवस आधी मशीन शेडबाहेर काढा. एक ठरलेली सरी चालवा आणि किती मिनिटं लागली ते शेडच्या भिंतीवर खडूने लिहा. पुढच्या वेळी मिनिटं वाढली, तर रेसला हात लावू नका. झाकण काढा. आणि एक जादा पट्टा खुंटीला टांगून ठेवा. मी आता दोन ठेवतो.

— एक ऊस उत्पादक सभासद