तीन वर्षांची फाईल, पंचवीस वर्षांचा खुबा

नागपुरातल्या ज्या रुग्णालयात 2006 साली माझा डावा खुबा बदलला, तिथून परवा उत्तर आलं: जुन्या फायली नियमाप्रमाणे काढून टाकल्या आहेत. नियम खरा आहे. वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या विनियमांनुसार दाखल रुग्णाचे कागद तीन वर्षं जपले की झालं. आत ठोकलेली वस्तू मात्र वीस-पंचवीस वर्षं टिकायची. असा हिशेब मांडणाऱ्याला आमच्या रायपूरच्या सदर बाजारात कुणी मुनीम म्हणूनही ठेवणार नाही.

आधीचा इतिहास थोडक्यात. इंग्लंडात जॉन चार्नली यांनी 1962 पासून हाडाच्या सिमेंटनं बसवलेले खुबे रूढ केले. तरुण रुग्णांत ते सैल होऊ लागले तेव्हा दोष सिमेंटवर आला आणि सत्तर-ऐंशीच्या दशकांत खरबरीत पृष्ठभागाचे, हाडानं स्वतःच धरून ठेवायचे, मांडीच्या हाडात ठोकायचे दांडे निघाले. फ्रान्समधला 1986 चा 'कोराइल' त्यातलाच.

माझं दशक 2000 ते 2010. छत्तीसगड नुकतं वेगळं झालेलं, रायपुरात एम्स यायला अजून बारा वर्षं होती. मोठं ऑपरेशन म्हटलं की आम्ही नागपूरची गाडी पकडायचो. पंतप्रधान वाजपेयींचे गुडघे डॉ. रानावत यांनी मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलले आणि सांधेबदल हा विषय रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या मराठी घरांत चहाबरोबर निघू लागला. चाळिशीतल्या माणसाला तेव्हा एकच सल्ला मिळे: बिनसिमेंटचा घ्या. त्यातही धातूवर धातू फिरणारा, मोठ्या गोळ्याचा खुबा म्हणजे चैन. निखळायची भीती कमी, मांडी घालून बसता येईल, असं सांगत. पंगतीत बसणाऱ्या माणसाला आणखी काय हवं?

'डीप्यू' कंपनीचा एएसआर हा खुबा याच जातीचा. ऑस्ट्रेलियाच्या सांधेबदलांच्या नोंदवहीत 2007 मध्येच तो संशयास्पद दिसू लागला, 2009 च्या अखेरीस तिथून हटला, आणि 24 ऑगस्ट 2010 रोजी कंपनीनं तो जगभरातून परत बोलावला. ब्रिटनच्या आकड्यांत त्यातल्या एएसआर एक्सएल या प्रकाराचे शंभरातले तेरा खुबे पाच वर्षांत पुन्हा उघडावे लागले होते. घर्षणानं कोबाल्ट-क्रोमियमचे कण सुटायचे, भोवतालचं मांस नासायचं. भारतात असे सुमारे 4,700 बसवले गेले. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानं ओरड केली, तरी केंद्राची समिती नेमायला 2017 उजाडलं. किमान वीस लाखांची भरपाई तिनं सुचवली. पण सुमारे 3,600 रुग्णांचा पत्ताच नव्हता. द्यायचे कुणाला?

तेव्हापासून रायपुरात 'बिनसिमेंटचा' म्हटलं की लोक दचकतात. हा अन्याय आहे. खोट वाटीच्या रचनेत आणि धातूवर धातू फिरवण्यात होती. हाडानं धरलेल्या चांगल्या दांड्यांनी वीस वर्षं बिनतक्रार काढली आहेत. 1990 च्या दशकाअखेरीस आलेल्या क्रॉसलिंक्ड प्लास्टिकनं वाटीची झीजही खूप घटवली. 2019 मध्ये 'लॅन्सेट'नं छापलेल्या हिशेबात सगळे प्रकार धरून 58 टक्के खुबे पंचवीस वर्षं टिकलेले निघाले. सरसकट प्रत्येकाला बिनसिमेंटचाच, हा आग्रहही मला पटत नाही. ठिसूळ हाडाच्या सत्तरीपुढच्या माणसाला दांडा ठोकताना किंवा नंतर लवकरच हाड तडकण्याचा धोका असतो. तिथं सिमेंटच बरं.

हे सगळं कळलं ते परक्या देशांच्या नोंदवह्यांमुळे. आपल्याकडची नोंद डॉक्टरांच्या मर्जीवर चालते. छत्तीसगडात आणि विदर्भात सिकलसेलमुळे विशीतल्या पोरांच्या खुब्याचा गोळा कुजतो. खुबा बदलल्यावर त्यांच्या शरीरात हा धातू चाळीस-पन्नास वर्षं राहायचा, आणि डिस्चार्ज कार्डावर नुसतं 'टीएचआर' (संपूर्ण खुबाबदल) लिहून डॉक्टर मोकळे. सदर बाजारात बायकोसाठी साधी सोन्याची अंगठी घेतली तरी आत सहा अक्षर-अंकांचा हॉलमार्क क्रमांक कोरलेला असतो आणि तो फोनवर तपासता येतो. माझा खुबा एएसआर नाही, एवढं एक्स-रे बघून डॉक्टरांनी सांगितलं. कुठल्या लॉटचा, ते एक्स-रे सांगत नाही.

तेव्हा ज्यांच्या घरी सांधा बदलायचा आहे त्यांनी एवढं करावं. इम्प्लांटच्या खोक्यात मॉडेल आणि लॉट नंबरचे स्टिकर येतात. त्यातला एकेक डिस्चार्ज कार्डावर चिकटवून मागा आणि त्याचा फोटो मुलांकडे ठेवा. ऑपरेशननंतरचा पहिला एक्स-रे रद्दीत देऊ नका. दुखत नसलं तरी दर काही वर्षांनी नवा काढून त्याच्याशी ताडून बघा. आतलं हाड विरत असलं तरी बराच काळ काहीच दुखत नाही.