नखांचे कांहीं दुर्मिळ विकार

आठवड्यांतून एकदां वर्गावर्गांतून नखांची तपासणी होते. त्या वेळीं आम्ही शिक्षक एवढेंच पाहतों कीं, नखें कापलेलीं आहेत कीं नाहींत व त्यांत मळ सांचला आहे काय. परंतु कुरूप दिसणारें प्रत्येक नख हें अस्वच्छतेचें चिन्ह नव्हे. कांहीं नखें डॉक्टरांस दाखविण्याजोगीं असतात, आणि कांहींच्या बाबतींत विलंब झाला तर तें नख कायमचें जातें. म्हणून विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस ह्या विषयाची थोडी माहिती करून द्यावी, असें आम्हांस वाटतें.

नख हा त्वचेचाच एक भाग होय. त्याच्या बुडाशीं, कातडीच्या घडीखालीं, त्याचें उगमस्थान असतें. तेथें उत्पन्न होणाऱ्या पेशी केराटिन नांवाच्या द्रव्यानें भरून कठीण होतात व पुढें ढकलल्या जातात. हाताचें नख महिन्यास सुमारें ३ मिलिमीटर वाढतें, पायाचें त्याहून पुष्कळ सावकाश. उगमस्थान शाबूत असेल तर ठेंच लागून गेलेलें नखहि यथाकाळ परत येतें; तें नष्ट झालें तर येत नाहीं.

लायकेन प्लेनस नांवाचा त्वचारोग ह्या उगमस्थानावरच घाला घालतो. अंगावर जांभळट, चपट्या, खाजऱ्या पुळ्या येणें हें त्याचें नेहमींचें रूप. पण क्वचित् तो केवळ नखांतच प्रकट होतो. नख पातळ होतें, त्यावर उभ्या रेघा उठतात, तें दुभंगतें. पुढें बुडाकडील कातडी पंखासारखी सरकत येऊन खालच्या भागास चिकटते. इतका व्रण पडल्यावर औषधाचा उपयोग नाहीं. त्यापूर्वीं मात्र स्टेरॉइड वर्गाच्या औषधांनीं पुष्कळदां नख वांचवितां येतें.

ह्याहून फार दुर्मिळ विकार म्हणजे पॅकिओनिकिया कंजेनिटा. त्याचें वर्णन यादासोन व लेवांडोव्स्की ह्यांनीं १९०६ सालीं केलें. ह्या नांवाचा अर्थ जन्मजात जाड नखें असा असला, तरी कित्येकांचीं नखें जन्मानंतर कांहीं महिन्यांनीं वा वर्षांनीं जाड होऊं लागतात. आपल्या कातडीच्या पेशींत केराटिनच्या तंतूंचा सांगाडा असतो. कुडाच्या भिंतींत कारवीच्या काठ्या असतात, तसाच. काठ्या किडक्या निघाल्या तर वरचें लिंपण कितीहि चांगलें असो, धक्का बसतांच भिंत ढांसळते. केराटिन घडविणाऱ्या पांच जनुकांपैकीं एकांत दोष असल्यानें हा विकार होतो, हें १९९५ पासूनच्या संशोधनानें कळून आलें. आई किंवा बाप ह्यांपैकीं एकास तो असेल तर प्रत्येक अपत्यास होण्याचा संभव निम्मा. कित्येक घरांत मात्र पूर्वीं कोणासहि नसतांना तो एकाएकीं उद्भवतो. स्पर्शानें तो कोणासहि लागत नाहीं, तेव्हां अशा मुलाशेजारीं बसण्यास भिणें हें निव्वळ अज्ञान होय.

जाड नख दिसलें कीं बुरशीचा संशय येतो, व तो साहजिकहि आहे, कारण बुरशीचा रोग फार आढळतो. पण मग महिनोन् महिने बुरशीचीं औषधें चालतात आणि गुण येत नाहीं. नखाखालचा भुगा खरवडून सूक्ष्मदर्शकाखालीं तपासला तर हा घोटाळा बहुधा टळतो. तान्ह्या मुलाच्या जिभेवर ह्या विकारानें येणारा पांढरा थरहि असाच बुरशीचा समजला जातो.

नखें हें तर केवळ दर्शनी लक्षण. खरें दुःख तळपायांत आहे. मूल चालूं लागलें कीं तेथें घट्टे पडूं लागतात, त्यांखालीं फोड येतात, आणि वेदना इतक्या होतात कीं मोठीं माणसेंहि कुबड्या घेतात किंवा घरांतल्या घरांत रांगतात. रोग समूळ घालविणारें औषध नाहीं. नखें पाण्यांत भिजवून कानशीनें झिजवावीं, घट्टे जपून तासावे, मऊ जोडा वापरावा व चालणें बेताचें ठेवावें, एवढेंच हातीं उरतें. शाळेंत अशा मुलास कवाइतीच्या तासास बसूं द्यावें, बाकावर उभें करण्याची शिक्षा त्यास कधींहि देऊं नये, आणि जोडे वर्गाबाहेर काढण्याचा नियम त्याच्यापुरता बाजूस ठेवावा.