मेंढीचे औषध, माशालाही

लेव्हामिसोल हे जनावरांच्या पोटातले जंत पाडणारे औषध आहे. शेळ्या-मेंढ्यांना ते पातळ स्वरूपात पाजतात, कोंबड्यांना पिण्याच्या पाण्यातून देतात आणि गुरांना गोळी देतात किंवा इंजेक्शनने टोचतात. हेच औषध हौशी मत्स्यपालक काचेच्या टाकीतही विरघळवतात. गप्पी, मॉली, एंजल अशा शोभेच्या माशांच्या आतड्यात लाल जंत झाले, की त्यावर सर्वांत भरवशाचे मानले जाते ते हेच. मेंढी आणि गप्पी यांच्यात साम्य शोधूनही सापडणार नाही. पण त्यांच्या पोटातले जंत एकाच कुळातले, म्हणजे गोलकृमी असतात आणि औषधाचा रोख त्या कृमीवर असतो.

या औषधाचा शोध बेल्जियममधील यान्सेन कंपनीच्या प्रयोगशाळेत लागला. तिथे तपासल्या जाणाऱ्या रसायनांपैकी एक कोंबड्यांमधले जंत मारत होते, पण उंदरांवर त्याचा काहीच परिणाम होत नव्हता. असे रसायन सहसा बाजूला टाकून दिले जाते. इथल्या संशोधकांनी मात्र कोंबडीच्या शरीरात त्या रसायनाचे काय होते, हे तपासले. जंतांवर चालणारा पदार्थ मूळ रसायन नसून, कोंबडीच्या शरीरात त्यापासून तयार होणारा दुसराच पदार्थ आहे, असे निघाले. या धाग्यावरून टेट्रामिसोल हाती आले आणि १९६६ साली त्याची माहिती प्रसिद्ध झाली. टेट्रामिसोलचे रेणू डाव्या-उजव्या हातांसारखे एकमेकांची आरशातली प्रतिमा असलेल्या दोन रूपांत असतात. जंतांवर चालते ते जवळपास एकटे डावे रूप. तेवढेच वेगळे काढले, की ते लेव्हामिसोल. निम्म्या मात्रेत तेच काम होते आणि जनावराला होणारा त्रासही कमी होतो.

गोलकृमीच्या स्नायूंवर ॲसिटिलकोलीन या रसायनाचा संदेश झेलणारी ग्राहके असतात. लेव्हामिसोल त्याच ग्राहकांना चिकटते आणि संदेश थांबूच देत नाही. स्नायू आखडतात ते आखडलेलेच राहतात. ताठ झालेल्या कृमीला आतड्याच्या भिंतीला धरून राहता येत नाही, आणि आतड्याच्या नेहमीच्या हालचालीबरोबर तो शेणावाटे किंवा लेंड्यांवाटे बाहेर पडतो. म्हणजे हे औषध जंताला जागच्या जागी मारत नाही, त्याची पकड सोडवते. जनावराच्या शरीरातही अशी ग्राहके असतात, पण योग्य मात्रेत त्यांच्यावर होणारा परिणाम फार कमी असतो. मात्रा वाढली, की हा फरक पुसला जातो आणि निकोटिनच्या विषबाधेसारखी लक्षणे दिसू लागतात.

‘जंताचे औषध’ असा शब्द दुकानात सरसकट वापरला जातो, आणि बहुतेक घोळ तिथूनच सुरू होतात. लेव्हामिसोल गोलकृमींवर चालते. फितीसारख्या टेपवर्मवर किंवा यकृतातल्या चपट्या कृमींवर चालत नाही. भातखाचरांच्या, पाणथळ भागात जनावरांना यकृतकृमीचा त्रास असतो, कारण त्याची वाढ गोगलगाईच्या शरीरात होते. म्हणून बाजारात लेव्हामिसोलबरोबर ऑक्सिक्लोझानाइड मिसळलेली औषधे मिळतात. त्यातला यकृतकृमीचा भाग ऑक्सिक्लोझानाइड सांभाळते. बाटलीवरचे नाव न वाचता ‘मागच्या वेळचेच द्या’ म्हणणारा पशुपालक कोणत्या कृमीवर पैसे खर्च करतो आहे, हे त्याला ठाऊक नसते.

मेंढ्यांत सर्वांत घातक गोलकृमी म्हणजे हिमोंकस. तो चौथ्या पोटात राहतो आणि रक्त पितो. मादी दोन-तीन सेंटीमीटर लांब असते. तिच्या रक्ताने भरलेल्या लाल आतड्याभोवती पांढऱ्या अंडाशयाचा पीळ पडलेला असतो, त्यामुळे ती लाल-पांढऱ्या दोऱ्यासारखी दिसते. एक कृमी दिवसाला साधारण ०.०५ मिलिलिटर रक्त खर्ची पाडतो. हा आकडा किरकोळ वाटतो, पण पोटात ५००० कृमी असतील तर रोजचे पाव लिटर रक्त जाते. डोळ्यांच्या आतल्या कडा पांढुरक्या पडतात, जबड्याखाली पाणी साचून लोंबते आणि वरवर धडधाकट दिसणारी मेंढी चालता चालता बसते. या कृमीत हगवण होतेच असे नाही, त्यामुळे जंतांची शंकाही उशिरा येते.

मादी दिवसाला हजारो अंडी घालते. ती लेंड्यांवाटे कुरणात पडतात. उबदार, ओलसर हवेत आठवड्याभरात त्यांतून बाधा करू शकणाऱ्या अळ्या तयार होतात आणि दव पडलेल्या गवताच्या पात्यांवर चढतात. गवताबरोबर पोटात गेलेली अळी सुमारे तीन आठवड्यांत अंडी घालू लागते. पावसाळ्यात जंत का वाढतात, ते यावरून कळते. महाराष्ट्रात पावसाळ्याच्या आधी आणि नंतर डोस देण्याची पद्धत याच चक्रावर बसवलेली आहे. पण डोस देऊन कळप पुन्हा त्याच ओल्या, अळ्यांनी भरलेल्या चराईवर सोडला, तर महिन्याभरात पोट पुन्हा भरते.

मात्रेचे गणित वजनावर चालते. गुरे आणि मेंढ्यांसाठी नेहमीची मात्रा दर किलो वजनामागे ७.५ मिलिग्रॅम असते. ३ टक्क्यांच्या द्रावणात १ मिलिलिटरमध्ये ३० मिलिग्रॅम औषध असते. म्हणजे २० किलोच्या मेंढीला ५ मिलिलिटर आणि ४० किलोच्या मेंढ्याला १० मिलिलिटर. घाईत सगळ्या कळपाला ५-५ मिलिलिटर पाजले, तर मेंढ्याला निम्माच डोस मिळतो आणि त्याच्या पोटातले चिवट जंत बचावतात. उलट सगळ्यांना १० मिलिलिटर पाजले, तर १० किलोच्या कोकराच्या पोटात चौपट औषध जाते. या औषधात योग्य मात्रा आणि विषारी मात्रा यांच्यातले अंतर कमी आहे. लाळ गळणे, अंग थरथरणे, पुन्हा पुन्हा लघवी-लेंड्या होणे, धाप लागणे ही विषबाधेची लक्षणे डोसनंतर लवकरच दिसतात. शेळीच्या शरीरातून हे औषध मेंढीपेक्षा लवकर निघून जाते, म्हणून अमेरिकेतील पशुवैद्य शेळीसाठी किलोला १२ मिलिग्रॅम सुचवतात. पण तितक्या मात्रेत चुकीला जागा उरत नाही. ते वजनकाट्यावर आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावे.

औषध पाजताना जनावराचे तोंड फार वर उचलू नये. औषध श्वासनलिकेत गेले तर फुप्फुसे बिघडतात. नळी जिभेच्या मागच्या बाजूला ठेवून हळू पाजावे. गोचिडांसाठी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातले औषध नुकतेच फवारले असेल, तर लागलीच लेव्हामिसोल देऊ नये. दोन्हींचा मज्जासंस्थेवरचा परिणाम एकमेकांत मिसळतो.

औषधाचा अंश मांसात आणि दुधात काही काळ राहतो. अमेरिकेत तोंडावाटे डोस दिल्यावर गुरांसाठी ४८ तास आणि मेंढ्यांसाठी ७२ तास कत्तल करता येत नाही, आणि दुभत्या गाईंना ते देण्याची परवानगी नाही. हा कडकपणा अनाठायी नाही. माणसांवरही हे औषध वापरले गेले आहे: जंतांवर, लहान मुलांच्या वारंवार उलटणाऱ्या मूत्रपिंडाच्या एका आजारात आणि १९९० पासून अमेरिकेत मोठ्या आतड्याच्या कर्करोगात, दुसऱ्या औषधाच्या जोडीने. काही रुग्णांत त्यामुळे रक्तातल्या पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घटतात. २००० साली अमेरिकेतील बाजारातून त्याचे माणसांसाठीचे रूप काढून घेण्यात आले. लेबलवर लिहिलेले थांबायचे दिवस पाळणे म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हे औषध न वाढणे.

वारंवार डोस दिल्याने जंत निर्ढावतात. डोसमधून जे वाचतात, तेच पुढची पिढी वाढवतात. लेव्हामिसोलला दाद न देणारे मेंढ्यांचे कृमी १९७०च्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियात आढळले आणि नंतर मेंढीपालन करणाऱ्या अनेक देशांत. डोस लागू पडला की नाही, हे लेंड्यांतील अंडी मोजून कळते: डोसआधी मोजायची आणि आठवड्याभराने पुन्हा मोजायची. घट ९५ टक्क्यांहून कमी असेल तर औषधावर विसंबता येत नाही. दक्षिण आफ्रिकेत फामाचा नावाचा तक्ता तयार झाला. खालच्या पापणीच्या आतल्या रंगाची पाच पायऱ्यांच्या चित्राशी तुलना करून फक्त फिकट मेंढ्यांनाच डोस द्यायचा, असा तो आहे. बाकीच्या मेंढ्यांमधले डोस न लागलेले जंत कुरणात टिकून राहतात आणि निर्ढावलेल्यांची संख्या हाताबाहेर जात नाही. सगळ्या कळपाला सरसकट पाजण्याची सवय असलेल्या पशुपालकाला हे अर्धवट काम वाटते, पण रक्तपिपासू हिमोंकसच्या बाबतीत ते पूर्ण काम आहे.

माशांच्या टाकीत याच कुळातला त्रासदायक कृमी म्हणजे कमालॅनस कोट्टी. जपानमध्ये १९२७ साली त्याचे वर्णन झाले. मूळचा तो पूर्व आशियातल्या गोड्या पाण्यातला. शोभेच्या माशांच्या, विशेषतः गप्पीच्या व्यापाराबरोबर तो जगभर गेला. हवाई बेटांत तर तो ओढ्यांमधल्या मूळच्या माशांतही शिरला. महाराष्ट्रात गप्पी नवा नाही. डासांच्या अळ्या खाण्यासाठी आरोग्य खाते तो टाक्यांत आणि डबक्यांत सोडते. घरातल्या काचेच्या पेटीत मात्र त्याचे हे आजारपण नजरेला पडते: स्थिर उभ्या माशाच्या गुदद्वारातून दोन-चार बारीक लाल दोरे बाहेर डोकावतात, मासा हलला की आत ओढले जातात. ते ओढून काढायचे नसतात. कृमीच्या तोंडातला कठीण भाग आतड्याच्या भिंतीला धरून असतो आणि ओढले तर आतडे फाटते.

कमालॅनसची मादी अंडी घालत नाही, जिवंत अळ्या सोडते. निसर्गात त्या आधी सायक्लॉप्ससारख्या सूक्ष्म जीवांच्या पोटात जातात आणि मग माशात. पण गर्दीच्या टाकीत या मधल्या जीवाशिवायही काही पिढ्या चालतात; एक मासा विष्ठा टाकतो, दुसरा तळाचे खाणे टिपतो. त्यामुळे एका माशावर उपचार करून भागत नाही, साऱ्या टाकीवर करावे लागतात.

लेव्हामिसोल हायड्रोक्लोराइड पाण्यात सहज विरघळते, म्हणूनच ते टाकीसाठी सोयीचे. इथे मात्रा वजनावर नाही, पाण्यावर ठरते: लिटरमागे २ मिलिग्रॅम, २४ तास. ६० × ३० × ३० सेंटीमीटरच्या पेटीत काठोकाठ ५४ लिटर पाणी मावते. खडी आणि वरची मोकळी जागा वजा जाता ४५ लिटर धरले, तर ९० मिलिग्रॅम औषध लागते. कोंबड्यांसाठीची ३० टक्क्यांची पूड हाताशी असेल, तर ती ३०० मिलिग्रॅम घ्यायची. चिमटीने मोजायची ही गोष्ट नाही. फिल्टरमधला कार्बन काढून ठेवावा, नाहीतर तो औषध शोषून घेतो. औषध प्रकाशाने कमकुवत होत असल्याने दिवा बंद करून टाकी झाकावी. हवेचा पंप चालूच ठेवावा. दिवसभरानंतर तळाशी पडलेले कृमी सायफनने खडीतून उपसून काढावे लागतात, कारण ते मेलेले नसतात, लुळे पडलेले असतात. मग निम्म्याहून अधिक पाणी बदलावे. सुटून गेलेल्या अळ्या वाढण्याआधी, दोन-तीन आठवड्यांनी हाच उपचार पुन्हा करतात. जाळी किंवा सायफनची नळी एका टाकीतून दुसरीत फिरलेली असेल, तर त्या दुसऱ्या टाकीवरही.

माशाच्या त्वचेवरचे आणि कल्ल्यांवरचे चपटे परजीवी, तसेच टेपवर्म यांच्यावर लेव्हामिसोलऐवजी प्राझिक्वांटेल वापरतात. अंगावर मिठाच्या दाण्यासारखे ठिपके उठवणारा पांढऱ्या डागांचा आजार तर कृमीचा नसून एकपेशीय जीवाचा असतो. त्यावर दोन्हींपैकी कशाचाही उपयोग नाही. फेनबेंडाझोल हा कमालॅनसवरचा दुसरा पर्याय. ते पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून खाद्यातून देतात, आणि टाकीतल्या काही जातींच्या गोगलगाईंना ते घातक ठरते. गोठ्यात सर्रास वापरले जाणारे आयव्हरमेक्टिन मात्र टाकीत घालू नये. माशांसाठी ते अत्यंत विषारी आहे. आणि ज्या तळ्यातले मासे खाण्यासाठी विकायचे आहेत, तिथे यातले कोणतेही औषध मत्स्यतज्ज्ञाच्या सल्ल्याशिवाय सोडू नये.