प्रतिबंधाच्या पैशाला कात्री

सार्वजनिक आरोग्याच्या खर्चाला कात्री लावण्याची वेळ आली, की ती प्रथम प्रतिबंधाच्या बाबींवर चालते, असा सर्वत्रचा अनुभव आहे. याचे कारण उघड आहे. औषध न मिळालेला रुग्ण दवाखान्याच्या दारात उभा राहतो, त्याचे नातेवाईक ओरड करतात. जो रोग झालाच नाही त्याची मात्र कोठे नोंद होत नाही, आणि त्याच्या बाजूने भांडणाराही कोणी नसतो. त्यातून विषय लैंगिक आरोग्याचा असला, तर संकोचाची भर पडते आणि कपात निमूटपणे पार पडते.

भारतात एचआयव्हीचा संसर्ग प्रथम १९८६ साली मद्रासमध्ये आढळला. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना १९९२ मध्ये स्थापन झाली. त्याच वर्षी कलकत्त्याच्या सोनागाछीत डॉ. स्मरजित जाना यांनी आणि सांगलीत 'संग्राम' या संस्थेने देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांमध्ये कामास आरंभ केला. बाहेरून उपदेशक न आणता वस्तीतल्याच स्त्रियांच्या हाती काम सोपवायचे, ही या दोन्ही ठिकाणची पद्धत पुढे राष्ट्रीय कार्यक्रमाचा कणा ठरली. २०१० नंतर देशातील नव्या संसर्गांची वार्षिक संख्या ४० टक्क्यांहून अधिक घटली, त्यात या पद्धतीचा वाटा मोठा आहे.

या पद्धतीचे अर्थकारण समजून घेतले पाहिजे. राष्ट्रीय कार्यक्रमात सुमारे ६० स्त्रियांमागे त्यांच्यातलीच एक 'पीअर एज्युकेटर' नेमली जाते. निरोध पोहोचविणे, तपासणीस नेणे, उपदंश वा परमा यांची लक्षणे दिसताच उपचार घ्यावयास लावणे, पोलीस वा गुंड यांच्या त्रासाची खबर संस्थेला देणे, हे तिचे काम. मानधन तुटपुंजे, परंतु तिच्या शब्दाला जो मान असतो, तो कोणत्याही भित्तिपत्रकाला मिळत नाही. निधी थांबला, की पहिला घाव नेमका तिच्यावर पडतो. इमारत उरते, फलकही उरतो. वस्तीत जाणारे माणूस मात्र नाहीसे होते.

२०१४ व २०१५ या वर्षांत हेच घडले. तोवर केंद्राचा पैसा थेट राज्यांच्या एड्स नियंत्रण सोसायट्यांकडे येत असे. २०१४ पासून तो राज्यांच्या कोषागारांतून येऊ लागला. फाइलींचा प्रवास वाढला आणि अनेक ठिकाणी कार्यकर्त्यांची मानधने महिनोन्‌महिने थकली. २०१५-१६ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात एड्स नियंत्रणाची तरतूदही एक पंचमांशाहून अधिक कमी झाली. मोफत निरोधांच्या टंचाईच्या तक्रारी याच काळातल्या. चौदाव्या वित्त आयोगाने केंद्रीय करांतील राज्यांचा हिस्सा ३२ वरून ४२ टक्क्यांवर नेला होता; तेव्हा उणीव राज्यांनी भरून काढावी, अशी अपेक्षा होती.

ही अपेक्षा तत्त्वतः चुकीची म्हणता येणार नाही. आरोग्य हा राज्यांचाच विषय आहे. तथापि, जबाबदारी सोपविणे आणि ती टाकून देणे यांत अंतर आहे. गेट्स प्रतिष्ठानाचा 'आवाहन' प्रकल्प २००३ साली महाराष्ट्रासह सहा राज्यांत सुरू झाला आणि २००९ नंतर तो टप्प्याटप्प्याने शासनाकडे सोपविला गेला. हस्तांतर पूर्वतयारीने, कित्येक वर्षे घेऊन करता येते, हे त्यातून दिसले. २०१५ मध्ये मात्र आधी हात काढून घेण्यात आला आणि दुसरा हात पुढे आला की नाही, हे नंतर पाहण्याचे ठरले.

असा खंड तीन महिन्यांचा असला तरी त्याचे परिणाम तेवढ्यात संपत नाहीत. विश्वास तुटलेली स्त्री तपासणीला परत येत नाही. निरोधाविना येणाऱ्या गिऱ्हाइकाला नकार देण्याचे बळ एकजुटीतून येते. ती विस्कटली की जादा पैशाचा मोह आणि उपासमारीची भीती दोन्ही वरचढ ठरतात. पुढे तोच संसर्ग गिऱ्हाइकाच्या घरी, त्याच्या पत्नीपर्यंत आणि गर्भातल्या मुलापर्यंत पोहोचतो. २००४ पासून शासन बाधितांना मोफत औषधे देते, व ती आयुष्यभर घ्यावी लागतात. म्हणजे आज वाचविलेला रुपया उद्या त्याच तिजोरीतून कित्येक पटींनी बाहेर पडतो.

ही प्रवृत्ती केवळ भारतीय नव्हे. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत स्थगित केली. पुढे एचआयव्हीसाठी सवलत देताना उपचार वाचविण्यात आले. संसर्ग टाळणाऱ्या पूर्वौषधाची सवलत मात्र गर्भवती व स्तनदा मातांपुरती ठेवली गेली. ज्यांना धोका सर्वाधिक, ते समूह वगळले गेले. आफ्रिकेतील अनेक देशांचे प्रतिबंधकार्य या मदतीवर उभे होते. भारताचा कार्यक्रम मुख्यतः स्वतःच्या पैशावर चालतो, हे आपले सुदैव. पण परकीयाने केलेली कपात जशी घातक, तशीच स्वकीयाचीही.

२०१७ च्या एचआयव्ही व एड्स कायद्याने संसर्गाच्या प्रतिबंधाची जबाबदारी केंद्र व राज्य या दोन्ही सरकारांवर टाकली आहे. ती पार पाडावयाची, तर वस्तीतील कार्यकर्त्यांचे मानधन हा निधीवरील पहिला बोजा मानला पाहिजे, निरोधांचा काही महिन्यांचा साठा राखला पाहिजे, आणि केंद्राचा हप्ता लांबला तर राज्याने तो आगाऊ देण्याची सोय केली पाहिजे. देशातील सर्वाधिक बाधित महाराष्ट्रात आहेत. या सुधारणेचा आरंभही येथूनच व्हावा, हे उचित ठरेल.